गोदाबाईंनी उघडलेली डबी

आधी गोदाबाईंचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. गोदाबाई केनवडच्या. विहिरीखाली दीड एकरात भाजीपाला, वरच्या तुकड्यात सोयाबीन. रोज सकाळी पहिल्या जीपनं टोपलं घेऊन रिसोडला येतात आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतात. सही करता येते, वाचता येत नाही. वय विचारलं तर म्हणतात, "मले काय माहीत. मोजून कोनं ठेवलं?" त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, जातीतल्या नाहीत, बोलीतल्यासुद्धा नाहीत. तरी माझ्या आजारपणात नऊ दिवस खाटेजवळच्या स्टुलावर त्या बसल्या. आणि जे मी नवऱ्यापासून, डॉक्टरांपासून लपवलं होतं ते त्यांनी भर वॉर्डात उघडं केलं. त्याबद्दल मी दीड दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज हा हात चालतोय, तो त्यांनी तेव्हा माझं ऐकलं नाही म्हणून.

माझं नाव सुरेखा. सातवीनंतर शाळा सुटली. लिहायची सवय आहे ती मापं लिहायची, छाती, कंबर, बाही. त्याच वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. लांबलं किंवा वेडंवाकडं झालं तर संभाळून घ्या. पाळी जायच्या वयात आलेल्या माझ्यासारख्या बायकांनी वाचावं, एवढंच मनात आहे.

परमुलूख

माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगलीकडचं. ह्यांना वीज कंपनीत लाईनमनची नोकरी लागली आणि बदली होत होत आम्ही रिसोडला आलो. अकरा वर्षं झाली. गावाकडं जायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत. मुलगी पूनम शिकायला माझ्या भावाकडं सांगलीला आहे. घरात आम्ही दोघंच. हे कधी मेडशीच्या लाईनवर, कधी आणखी कुठं. मी मुळातच धास्तीखोर. ह्यांचा फोन दोनदा लागला नाही की माझी बाही उलटी जोडली गेलीच म्हणून समजा.

सुरुवातीला इथली भाषा कळायची नाही. ब्लाऊज शिवायला आलेली बाई म्हणायची, "मले ढिल्लं नाही पाह्यजे, फिट पाह्यजे," आणि मी नुसती बघत राहायची. तेव्हा गोदाबाईंनीच मला हाताशी धरलं. टोपलं माझ्या ओट्यावर ठेवायच्या, पाणी मागायच्या आणि मी काही बोलले की हसायच्या. "काय वं, भांडून राह्यली का बोलून राह्यली? तुमच्या तिकडचं समजतच नाही." मी त्यांना अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं. अजून तसंच आहे.

वाढलेलं माप

शिवणकाम करणाऱ्या बाईला एक गोष्ट फार लवकर कळते. पंचेचाळीस-पन्नासच्या घरात आलेली बाई नवीन ब्लाऊज शिवायला कमी येते, जुनं उसवून सैल करून घ्यायला जास्त येते. मीच कितीजणींना समजावलं असेल, "ताई, या वयात होतंच, आत कापड ठेवलंय, सोडून देते." दुसरीला सांगायला काय जातंय. माझं स्वतःचं माप वाढलं तेव्हा मी टेप खणात टाकून दिला.

पाळी कधी दोन महिने यायची नाही, कधी पंधरा दिवसांत यायची. बसल्याजागी अंगातून वाफ निघावी तसं व्हायचं. मशीनवर बसलेली असताना पाठीवरून घामाची धार. झोप नाही. आणि कंबर अशी की लग्नातला शालू गुंडाळला तरी त्यावरचा ब्लाऊज एका बाजूनं लागायचा नाही. त्यातच भावाचा फोन आला. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय, माघात. चार वर्षांनी मी गावाला जाणार होते. माझी भावजय शिडशिडीत आहे आणि जिभेनं तिखट आहे. मागच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वन्सं, विदर्भाचं पाणी मानवलं बघा तुम्हाला." बाकीच्या हसल्या. मी पण हसले. पण ते वाक्य मी चार वर्षं जपून ठेवलं होतं.

सोयाबीनच्या काट्यावर

आमच्या बचत गटात आम्ही चौदाजणी. अध्यक्ष संगीताताई. त्यांच्या मिस्टरांचं अडत दुकान आहे. ऐन सोयाबीनच्या हंगामात एक मॅडम गटाच्या मीटिंगला आल्या. बाहेरगावच्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी गुलाबी डबी काढली. वर एका हसऱ्या बाईचं चित्र. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठी खास, असं म्हणाल्या. वजन उतरेल, घाम थांबेल, चेहरा तरुण दिसेल, सगळं झाडपाल्याचं आहे म्हणून अपाय काही नाही. सकाळी एक, रात्री एक. आणि एक गोष्ट त्यांनी तीन-तीनदा सांगितली. पहिल्या आठवड्यात लघवीला जास्त होईल, पोट साफ होईल, तोंड कोरडं पडेल. घाबरायचं नाही. आतली घाण बाहेर पडतेय समजायचं.

घेण्याआधी सगळ्यांचं वजन करायचं ठरलं. कुठं करायचं, तर संगीताताईंच्या अडत दुकानात, पोती मोजायच्या काट्यावर. दुपारी दुकान रिकामं असताना आम्ही एकेक करून त्या लोखंडी पाट्यावर चढलो. आजूबाजूला सोयाबीनचे ढीग. तिथला एक म्हातारा हमाल बिडी विझवून बघत उभा होता. मला म्हणाला, "ताई, ओलावा किती कापू?" आम्ही पोट धरून हसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओलं सोयाबीन वजनाला जास्त भरतं. म्हणून बाजारात आधी यंत्र लावून ओलावा बघतात आणि तेवढं वजन कापतात. इथल्या शेंबड्या पोराला पण हे माहीत असतं.

माझं अक्षर बरं म्हणून वजनं लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी हौसेनं शेजारी कंबरेचं मापही लिहिलं. अकराजणींनी गोळ्या घेतल्या. आठवड्यानं परत काटा केला. कुणी दोन किलो, कुणी तीन. मी साडेतीन. संगीताताई तर चार. टाळ्या झाल्या. टेप लावला तेव्हा कुणाचीच कंबर हलली नव्हती. मी टेपवाली बाई. वीस वर्षं बोटांनी मापं घेतेय. माझ्या ते डोळ्यांपुढं होतं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "माप सावकाश उतरतं."

घरात मी ह्यांना काही सांगितलं नाही. गुलाबी डबी चुलीत घातली आणि गोळ्या ब्लाऊजच्या हुकांच्या डबीत ठेवल्या. पत्र्याची, झाकण घट्ट बसणारी. त्या डबीला घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

सगळं त्या वयावर ढकललं

त्यानंतर जे जे झालं त्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं. छातीत धडधड झाली, पाळी जायचं वय. झोप उडाली, तेच. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तेच. तोंडाला कोरड, हातापायांत मुंग्या, जिना चढताना मांड्या थरथरणं, सगळं त्या एका वयावर ढकललं. माझी आई म्हणायची, बाईचं हे वर्ष कठीण. मला वाटलं, हेच ते वर्ष.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हणजे असर होतोय. बंद करू नका, वजन दुप्पट परत येईल." त्याची मला जास्त भीती वाटली. लग्नाला महिना राहिला होता. मी दोनाच्या तीन गोळ्या केल्या.

एके दिवशी सकाळी मशीनवर बसले. एका नवरीचं काम होतं. पायडलवर पाय ठेवले आणि पाय हलेनात. दुखत नव्हते, बधिर नव्हते. नुसते माझे नव्हते. मी पायांकडं बघून म्हटलं, चला की. ते तिथंच. मग छातीत असं झालं की मशीन अडखळत चालावी, दोन टाके, थांबा, परत तीन टाके. मला ओरडायचं होतं पण लाज वाटली, शेजारी काय म्हणतील.

तेवढ्यात टोपलं ठेवायला गोदाबाई ओट्यावर आल्या. "सुरेखे, पानी दे वं." मी म्हटलं, "आत या." त्या म्हणाल्या, "तू काहून नाही उठून राह्यली?" मी म्हटलं, "मला उठता येत नाही."

त्यांनी टोपलं तिथंच सोडलं, बाहेर जाऊन आपल्या ओळखीचा जीपवाला गाठला. त्या दोघांनी मला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. रिसोडच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली. डॉक्टरांनी पट्टी दोनदा बघितली आणि अँब्युलन्स मागवली. वाशीमला नेताना गोदाबाई शेजारी बसल्या होत्या. माझ्या हातावर हात होता, हाताला मेथीचा वास. मी विचारलं, "मी मरते का?" त्या म्हणाल्या, "मेथी इकाची राह्यली माही तुह्यापायी. मरतं कसं?"

नाही, नाही, नाही

वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पूनमपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ह्यांना फोन लागून हे मेडशीहून धावत आले होते. अंगावर अजून कामाचे कपडे, कमरेला पक्कड. मॅडम म्हणाल्या, रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. तो एक क्षार असतो, तो कमी झाला की स्नायू ऐकत नाहीत. हृदयसुद्धा स्नायूच आहे. आणखी खाली गेला असता तर ते थांबलं असतं.

हे शांतपणे सांगून त्यांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"जुलाबाचं, लघवीचं, वजनाचं, झाडपाल्याचं?"

"नाही."

हे शेजारी उभे होते. मी कशी सांगणार? घामानं ओलं होऊन खांबावर चढणारा माणूस, आणि त्याची बायको बारीक दिसायला लपून गोळ्या खाते.

सलाईनमधून तो क्षार चढवायला लागले. ज्यांना ते चढवलंय त्यांना माहीत असेल, शिरेतून मिरचीचं पाणी सोडल्यासारखी आग होते. गोदाबाई ओढणीचा तुकडा ओला करून माझ्या हातावर धरायच्या, तो गरम झाला की परत भिजवून आणायच्या. पुन्हा, पुन्हा. एकदाही त्यांना थकलेलं बघितलं नाही. रोज केनवडहून जीप, रिसोडहून एसटी, आणि सकाळी नऊच्या आत त्या स्टुलावर. संध्याकाळी हे आले की परत. डब्यात ज्वारीची भाकर आणि बिनतिखटाचं वरण. नर्सबाई पहिल्या दिवशी विचारत होती, "आजी, तुम्ही यांच्या सासूबाई का?" गोदाबाई म्हणाल्या, "नाही वं माय. भाजीवाली हाओ."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, क्षार थोडा वर आला होता. चौथ्या दिवशी परत खाली. डॉक्टर मॅडम बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, चढवतोय तेवढं कुठं जातंय? किडनीच्या तपासण्या लिहिल्या. गरज पडली तर नागपूरला पाठवू म्हणाल्या. ह्यांचं तोंड उतरलं. हे बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, पाठमोरे.

मला माहीत होतं कुठं जातंय. हुकांची डबी माझ्या उशीच्या अभ्र्यात होती. घरून कपडे आणायला सांगितले तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, "ती डबी पण आणा, पडल्या पडल्या हुकं लावते एखाद्या ब्लाऊजला." त्यांनी बिचाऱ्यांनी आणून दिली. आणि मी दवाखान्यातही सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी खात होते. लग्नाला तीन आठवडे होते. वजन दुप्पट परत येईल म्हणाल्या होत्या ना त्या मॅडम.

हे लिहिताना मला अजून शरम वाटते. पण हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

डबी

पाचव्या दिवशी सकाळी गोदाबाई उशी सरळ करत होत्या. डबी हाताला लागली. त्यांना आधीच कमी दिसतं. त्यांनी डबी हलवली. हुकांचा आवाज बारीक येतो, किणकिण. हा आवाज जाड होता. त्यांनी झाकण उघडलं आणि एक गोळी बोटावर घेऊन अगदी नाकाजवळ नेली.

"हे काय हाये वं?"

"बीपीची आहे."

"बीपीची गोळी हुकात कायले ठेवते?"

मी रडायला लागले. सगळं सांगितलं, गट, मॅडम, लग्न, भावजय. काट्यावर कसे साडेतीन किलो आठवड्यात उतरले तेही सांगितलं, म्हणजे मला वाटलं त्यांना पटेल की गोळी खरी आहे.

गोदाबाईंनी गोळी परत डबीत टाकली. मग म्हणाल्या, "आठ दिवसात साडेतीन किलो. लघवी किती वेळा होये तुले?"

"सारखी."

"आन् कंबर?"

"कंबर तेवढीच."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "सुरेखे, सोयाबीन आंगनात वाळाले टाकतो, आठ दिवसानं पोतं हलकं भरते. दाना कमी झाला का मंग? दाना तेवढाच राह्यते. तुही चरबी नाही उतरली. तुहा ओलावा उतरला. आन् हे डॉक्टरीनबाई वरून पानी भरून राह्यली, अन् तू खालून काढून राह्यली."

अडत दुकानातला तो हमाल मला आठवला. आम्ही चौदा बायका, सगळ्या सोयाबीनच्या मुलखात राहणाऱ्या. ढिगाशेजारी उभ्या राहून हसलो आणि एकीच्या डोक्यात आलं नाही.

पण त्या क्षणी मला पटलं म्हणून मी शहाणी झाले असं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आता नाही खाणार. फेकून द्या. पण डॉक्टरांना सांगू नका, ह्यांना तर नकोच. तुम्हाला माझी शपथ आहे."

त्यांनी डबी कमरेच्या पिशवीत टाकली. मला वाटलं, कबूल.

दहा वाजता डॉक्टर मॅडम राऊंडला आल्या. मागं दोन नर्स, खाटेच्या पायथ्याशी हे. मॅडम नागपूरचा कागद लिहायला लागल्या. गोदाबाई स्टुलावरून उठल्या, कमरेची पिशवी सोडली आणि डबी मॅडमच्या कागदावर ठेवली.

"डॉक्टरीनबाई, हे खाते ते. इथीबी खाल्लं. तिनं मले शप्पथ घातली हाये, म्हनून मी बोलत नाही. तुमीच पाहा."

वॉर्डात आठ खाटा होत्या. बाकी सातही खाटांवरच्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी चादर तोंडावर ओढली. चादरीच्या फटीतून ह्यांच्या कमरेची पक्कड दिसत होती. ती हलली नाही.

डॉक्टर मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नागपूरचा कागद फाडला. इतकंच म्हणाल्या, "बरं झालं. आता मला कळलं कशाशी लढायचंय." नंतर त्यांनी सांगितलं की अशा गोळ्यांत डबीवर न लिहिलेली पाणी काढणारी औषधं, जुलाबाची औषधं मिसळलेली सापडतात, हृदय पळवणारीही. यात नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. गोळ्या त्यांनी पाठवल्या. त्याचं पुढं काय झालं मला कळलेलं नाही.

दीड दिवस

तो दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी गोदाबाईंशी बोलले नाही. त्या मात्र ठरल्या वेळी आल्या, भाकर चुरून दिली, फडकं भिजवलं. मी भिंतीकडं तोंड करून खाल्लं. एकदा म्हणाल्या, "रुसली तं रुस. पन वरण खा."

हे संध्याकाळी आले. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. बराच वेळ पक्कडच चाळवत बसले. मग म्हणाले, "मी तुला कधी जाड म्हणलो का गं?"

मी म्हटलं, "तुम्ही कधी काहीच म्हणाला नाहीत."

त्यांनी पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "खांबावर चढायच्या आधी लाईन बंद केली का नाही, हे मी तीनदा विचारतो. तुला एकदासुद्धा विचारलं नाही काय होतंय म्हणून." वीस-बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यापुढं कबूल केलेली ही पहिली चूक, आणि ती त्यांची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. क्षार वर चढला होता आणि टिकला होता. रात्रीपासून पोटऱ्यांत गोळा आला नव्हता. मी पाय हलवून बघितले. अंगठा हलला, घोटा वळला, गुडघा उचलला गेला. मी किती वेळ ते करत होते कोण जाणे. गोदाबाई म्हणाल्या, "पाय हलवून राह्यली का मशीन चालवून राह्यली?" मी हसले आणि मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माफी मागितली का ते आठवत नाही. त्यांनी मागू दिली नसती.

बाहेर आल्यावर

नवव्या दिवशी सोडलं. डॉक्टर मॅडमनी बजावलं, महिनाभर प्रवास नाही. कडवट सरबतासारखं औषध, केळी, शहाळं, आणि परत तपासणी. घामाबद्दल, झोपेबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, त्यावर खरे उपाय आहेत, पण बाईला तपासून ठरवायचे असतात, मीटिंगमध्ये वाटायचे नसतात.

भाचीचं लग्न मी पूनमच्या फोनवर बघितलं. अक्षता पडल्यावर तिनं फोन सगळ्यांपुढं फिरवला. भावजय फोनच्या अगदी जवळ आली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, किती बारीक झालात हो. काय करता तरी काय?" चार वर्षं मला हेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "मरत होते, वैनी." तिनं पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी तिचा वेगळा फोन आला. तिलाही घाम येतो, तिलाही झोप नाही, हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. ती पण एक डबी मागवणार होती.

सगळ्यात अवघड होतं ते गटात जाणं. दहाजणी अजून खात होत्या, आणि त्यांच्या वजनांवर मीच टाळ्या वाजवल्या होत्या. हे मला जीपनं सोडायला आले, मी वही छातीशी धरून गेले. संगीताताई म्हणाल्या, "तुमाले सोसली नसन. आमाले तं सोसते." मी वाद घातला नाही. वही उघडली आणि वाचून दाखवलं. वजन उतरलं इतकं, कंबर तेवढीच. पुढची, वजन इतकं, कंबर तेवढीच. अकराही नावं. मग म्हटलं, "ताई, हे सोयाबीन असतं तर तुमच्या मिस्टरांनी याला काय म्हटलं असतं?"

मग कोपऱ्यातली एकजण हळूच म्हणाली, "माह्या पायात गोळे येतात." दुसरी म्हणाली, तिलाही. संगीताताई खाली बघत होत्या. नंतर म्हणाल्या, "मले काल पायरी चढताना धाप लागली. मी म्हटलं वय झालं." त्या आठवड्यात त्या दहाहीजणी रक्त तपासून आल्या. तिघींचा क्षार कमी निघाला, त्यात संगीताताई. वेळेवर कळलं. आज त्या ठीक आहेत. मला त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यापेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं.

माझं वजन पहिल्यासारखं भरून आलं. डॉक्टर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे रोज चालते, तेल कमी केलंय, थोडं उतरतंय, फार नाही. घाम येतो तेव्हा मशीन थांबवते आणि दारात बसते. शालूवरचा ब्लाऊज मी उसवला. आत दोन बोटं कापड मीच ठेवलं होतं.

स्टूल

माझ्या नऊ दिवसांत गोदाबाईंची मेथी वाफ्यातच फुलावर आली. एक जुडी विकली नाही. मी विषय काढला तर म्हणतात, "बी झालं त्याचं. पुढच्या खेपेले पेरलं."

दवाखान्यात असताना डॉक्टर मॅडमनी जाता जाता त्यांचे डोळे बघितले होते. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं, उशीर करू नका म्हणाल्या. गोदाबाईंचं ठरलेलं उत्तर, "डोळ्याले चाकू नाही लावू देत मी." माझ्यासाठी भर वॉर्डात उभ्या राहिलेल्या बाई, पण स्वतःच्या डोळ्याचं नाव काढलं की टोपलं उचलून चालायला लागतात. मला ती भीती ओळखू येते. मी त्या भीतीतच राहते.

म्हणून मी त्यांना आग्रह करत नाही. फक्त रोज सकाळी त्या आल्या की शेजारी बसते आणि मेथीच्या दहा जुड्या बांधते. त्या विचारतात, "कायले बसते वं, शिवण नाही का तुले?" मी म्हणते, "तुम्ही डोळे करायला जाल तेव्हा टोपल्यापाशी कोण बसणार? शिकून ठेवते." त्या म्हणतात, "ढिल्ली बांधते तू. गिऱ्हाईकाच्या हातात सुटन." पण मागच्या आठवड्यात विचारत होत्या, पट्टी किती दिवस बांधतात.

तेव्हा गोदाबाई, पूनम सुट्टीत आली की तुम्हाला हे वाचून दाखवेल, नीट ऐका. ज्या दिवशी तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी मी मशीनवर कापड झाकेन. सकाळी तुमची भाजी विकेन, मग एसटीनं वाशीमला येईन. स्टुलावर बसेन, जितके दिवस लागतील तितके. तुम्ही रुसलात तरी बसेन. आणि डॉक्टर पट्टी काढतील तेव्हा तुमच्या अगदी समोर असेन, म्हणजे नव्या डोळ्यांनी पहिली मलाच बघाल. मग सांगा, मी कशी दिसते ते. तुम्ही म्हणाल ते मला चालेल.